पिस्तुलाचा खटका

सासऱ्यांचं जुनं खिशातलं पिस्तूल नवऱ्याचं खेळणं झालं होतं. पाहुणे आले की तो गोळ्यांचं मॅगझिन काढायचा, नळीत एकच गोळी ठेवून नळी बायकोच्या कपाळाला लावायचा आणि चाप ओढायचा. मॅगझिन नसलं की आतला खटका चाप अडवायचा, म्हणून जीव वाचायचा. ती थरथरायची, पाहुणे पोट धरून हसायचे.

चाप जड झाला म्हणून त्याने तिलाच पिस्तूल घेऊन दुरुस्तीला पाठवलं.

"तो खटकाही काढून टाका," तिने कारागिराला सांगितलं.

नणंद आणि तिचा नवरा आले. पिस्तूल निघालं.

"दरवेळी मीच का? आज स्वतःला लावा की!"

"अडकलात, मेहुणे!" नणंदेचा नवरा हसला.

नवऱ्याने हसतच नळी कपाळाला टेकवली. गोळी सुटली, तेव्हा कपडे खराब होऊ नयेत म्हणून बायको आधीच बाजूला सरली होती.