मोकळा रविवार

आत्याला युरोपला एकटीने जायचं होतं आणि त्यासाठी तिला ग्रुप टूर हवी होती. यात विसंगती आहे असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, "अगदी एकटी गेले तर हरवेन. ओळखीच्यांबरोबर गेले तर घरीच बसल्यासारखं. मला बसभर अनोळखी माणसं हवीत."

डॉलिना आत्या तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. आमच्या छोट्या लुईस बेटावर अनोळखी माणूस मिळणं सोपं नाही. आजी अंथरुणाला खिळली तेव्हापासून ती जाईपर्यंत आत्याने तिचं सगळं केलं, आणि त्या काळात दुकानात, बोटीवर, चर्चच्या दारात भेटणारा प्रत्येक जण तिला एकच विचारायचा, आईचं कसं आहे? आजी गेल्यावर प्रश्न संपला. मग लोकांना तिच्याशी काय बोलावं ते कळेना. एवढ्या वर्षांत ती आजीला घेऊन इस्पितळासाठी एकदा ग्लासगोला गेली होती, बाकी कुठे नाही.

तिला जंगल बघायचं होतं. आमच्याकडे वारा झाडं उभी राहू देत नाही. दारातून पाहिलं की काळी दलदल आणि थेट क्षितिज.

"स्टॉर्नोवे शहरात किल्ल्याभोवती आहेत की झाडं," मी म्हटलं.

"ती बाग आहे. मला असं रान हवं जिथे आत गेलं की बाहेरचं काही दिसत नाही. आणि बाहेरच्यांना मी दिसत नाही."

मी ॲबर्डीनहून मृदाशास्त्राची पदवी घेऊन परतले होते आणि एका प्रकल्पासाठी त्याच दलदलीची खोली मोजायचं काम करत होते. लांब सळई खुपसायची, किती आत गेली ते लिहायचं. निवड करायची तर माहिती समोर मांडून करावी, एवढंच मला शिकवलेलं होतं. म्हणून आमच्या स्वयंपाकघरात मी लॅपटॉप उघडला आणि आत्या चष्मा लावून शेजारी बसली. प्रवाशांचं वय, स्वतंत्र खोली, चालणं किती, बसणं किती, असा तक्ता केला.

पहिली टूर बाबांनीच पुढे केली. बाबा म्हणजे टॉर्किल, आत्याचा धाकटा भाऊ, आणि आमच्या चर्चच्या पंचांपैकी एक. चर्चची टूर जिनिव्हाला जाणार होती, पाद्रीबुवा स्वतः बरोबर.

"जिनिव्हात झाडं आहेत का?" आत्याने विचारलं.

"जिनिव्हात आपल्या पंथाचा इतिहास आहे."

"मग त्या इतिहासाची सावली पडते का बघून सांग."

"डॉली, तिथे तुझी काळजी घ्यायला माणसं असतील."

"त्या बसमध्ये सगळ्यात तरुण मीच असेन, टॉर्किल. काळजी कोण कुणाची घेणार ते मला आत्ताच दिसतंय. कुणाची काठी, कुणाच्या गोळ्या. आणि पुढच्या सीटवर पाद्रीबुवा, मागे वळून बघणारे."

आईने हसू लपवायला चहा ओतायला घेतला. बाबा हसले नाहीत.

दुसरी टूर पाच देशांची होती. प्रवाशांचे अभिप्राय मी मोठ्याने वाचून दाखवले. एकीने लिहिलं होतं, आपण कुठल्या देशात आहोत हे मला नाश्त्यावरून कळायचं. आत्या म्हणाली, "पुढची वाच." नदीवरच्या बोटीची एक होती, त्यात जोडपी फार. तरुणांची एक होती, त्यात दर रात्री नाच. आत्या त्या फोटोकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

मग बाबांनी माझ्या तक्त्यात एक रकाना वाढवायला सांगितला. रविवार.

"शब्बाथच्या दिवशी बस चालणार असेल, तर माझी बहीण त्या बसमध्ये नसेल."

"बहीण तुझी आहे," आत्या म्हणाली. "बस तुझी नाही."

पण तिने मला तो रकाना काढायला सांगितलं नाही. ती स्वतः तिशीपासून प्रभुभोजनाला बसणारी. आमच्याकडे चर्चला सगळेच जातात, पण पुढे जाऊन त्या भाकरीला हात लावायची हिंमत थोडेच करतात. त्यांच्याकडे गाव बारीक लक्ष ठेवून असतं. रविवारी दोरीवर धुणं नाही, दुकान नाही, फिरणं नाही. रविवारच्या जेवणाचे बटाटेसुद्धा शनिवारीच सोलून ठेवायचे. चर्चला चालत जाणं चालतं. चर्च ओलांडून समुद्रापर्यंत गेलं की ते फिरणं.

त्या एका रकान्याने जवळजवळ सगळा तक्ता पुसून टाकला. युरोपातल्या सगळ्या बसगाड्यांना रविवारीच कुठेतरी पोचायचं असतं. शेवटी एक टूर उरली. ग्लासगोहून, फक्त एकट्या प्रवाशांसाठी, प्रत्येकाला आपली खोली, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये एकाच हॉटेलात मुक्काम. रोज बस कुठेतरी नेणार होती: तळं, घड्याळांचं दुकान, मोठं चर्च, द्राक्षांचे मळे. आणि मध्ये एक ओळ होती. रविवार: ड्रायव्हरची सक्तीची विश्रांती. बस नाही. दिवस तुमचा.

त्या एका ओळीवर दोघंही खूश झाले. बाबांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "बघ, शोधलं की सापडतं." ते झोपायला गेल्यावर आत्याने हॉटेलचा फोटो मोठा करायला सांगितला. इमारतीच्या मागे गाड्या लावायची जागा, तिच्यामागे कुंपण, आणि कुंपणाला लागूनच जंगल.

"दिवस माझा," ती म्हणाली. "नाश्ता झाला की मी त्या कुंपणातून आत जाणार. संध्याकाळपर्यंत बाहेर येणार नाही. टॉर्किलला सांगशील?"

"मी कशाला सांगू? फक्त तिथल्या मातीचा रंग बघून ये. खाली लाल वालुकाश्म असतो म्हणतात."

"माती बघायला लोक जर्मनीला जातात का गं?"

"मी गेले असते."

पुढच्या आठवड्यात तिने स्टॉर्नोवेतून चालायचे बूट आणले. घोट्याच्या वर जाणारे, तपकिरी. घरात घालून बघितले नाहीत. खोक्यासकट बॅगेत ठेवले.

ती गेली, फोटो पाठवत राहिली. सगळे फोटो बसच्या काचेतून काढलेले, त्यात तिच्याच चष्म्याचं प्रतिबिंब आणि मागे हिरवं काहीतरी धावणारं. रविवारी एकही फोटो आला नाही. मला बरं वाटलं. झाडांच्या आत शिरलेल्या बाईला फोन कशाला आठवेल.

परत आली त्या संध्याकाळी आईने सूप आणि मटण केलं होतं. आत्या थोडी सावळली होती. तिने आईला कोकिळेचं छोटं घड्याळ दिलं, ड्रायव्हरची नक्कल केली, डंडीहून आलेल्या ब्रेंडाबद्दल सांगितलं, जी प्रत्येक जेवणात बटाट्यांना नावं ठेवायची. बाबा खुशीत होते. बटाटा कुस्करता कुस्करता म्हणाले, "मला खात्री होती, डॉली. रविवारी प्रार्थना संपल्यावर मी दारात सगळ्यांना सांगितलं. म्हटलं, माझी बहीण आज जर्मनीत आहे, चहूकडे मौजमजा, आणि ती आपल्या खोलीत शब्बाथ पाळत बसली असेल. मला विचारायचीही गरज नाही. मी तिला ओळखतो."

आत्याने काटा खाली ठेवला.

"मी जंगलात होते."

"कधी?"

"रविवारी. दिवसभर. हॉटेलच्या मागून आत गेले ती संध्याकाळी बाहेर आले. आइस्क्रीमही खाल्लं."

बाबांनी बटाटा कुस्करणं थांबवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "विकत घेतलंस?"

"नाही. झाडाला लागलं होतं."

आईने भांडी उचलायला सुरुवात केली, अजून कुणाचं जेवण झालं नव्हतं तरी. मला राहवेना, मी विचारलं, "माती कशी होती?"

"ओली," आत्या म्हणाली, माझ्याकडे न बघता.

जेवणानंतर तिची बॅग तिच्या घरी मीच नेली. तिचं घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. ती चुलीत पीट लावत होती, म्हणजे आमच्या त्याच दलदलीतून कापून वाळवलेली काळी ढेपळं. मी बॅगेतून बूट काढले. चिखल लागलेला असला तर दाराबाहेर ठेवावेत, आणि खरं सांगायचं तर चिखल बघावा, हा माझा हेतू. दोन्ही बूट उलटे केले. डाव्या बुटाच्या तळावर मापाचा गोल कागद चिकटवलेला होता. अख्खा, चकचकीत, कडेलाही न मुडपलेला. तळाच्या खाचांमध्ये धूळसुद्धा नव्हती.

आत्याने मागे वळून पाहिलं. मी बूट लपवले नाहीत, तिनेही काही विचारलं नाही. ती खुर्चीत बसली.

"घातले होते," ती म्हणाली. "नाड्यासुद्धा बांधल्या. ब्रेंडाने दार वाजवलं, येतेस का म्हणाली. म्हटलं, डोकं दुखतंय, तू हो पुढे, मी मागून येते."

"मग?"

"दाराच्या मुठीवर हात ठेवला, आणि एकदम आठवलं. बटाटे. काल शनिवारी मी बटाटे सोललेच नाहीत. आता आज काय शिजवायचं? हॉटेलात, इशबेल. खाली चार आचारी होते. मी तिथे उभी राहून बटाट्यांची काळजी करत होते. मग ते लक्षात आलं, हसू आलं, पण हात मुठीवरून निघाला होता. पलंगावर बसले. खिडकीतून कुंपण दिसत होतं. घंटा वाजल्या, त्यांच्या चर्चमधून माणसं बाहेर पडली आणि तशीच, चर्चच्याच कपड्यांत, कुत्री-पोरं घेऊन रानात शिरली. कुणी घाबरलेलं दिसेना. मी बूट घालून पलंगावर बसलेली, संध्याकाळपर्यंत. दुपारी तेवढे बूट काढून खाली जेवून आले मात्र. कुणीतरी रविवारी शिजवलेलंच की ते."

"तुला कुणी अडवलं नव्हतं."

"कुणीच नाही. कुणी अडवलं असतं तर मी गेले असते."

चुलीतून धूर येत होता. तिने उठून झडप सारखी केली.

"मग बाबांना असं का सांगितलंस?"

"तू ऐकलंस ना तो काय म्हणाला? विचारायचीही गरज नाही म्हणे." तिचा आवाज चढला नाही. "एवढं लांब गेले, इशबेल. आणि त्याला माझ्या खोलीतलं इथे बसून दिसत होतं."

"मी त्यांना खरं सांगते."

"खबरदार. सांगितलंस तर तो पुन्हा खूश होईल."

बाबांनी त्यांच्या दृष्टीने जे योग्य तेच केलं. चर्चच्या दारात त्यांनी बहिणीची जी ग्वाही दिली होती ती खोटी ठरली होती, म्हणून पंचांच्या बैठकीत त्यांनी स्वतःच उठून ते सांगितलं. त्यांना वाईट वाटलं असणार. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मग दोन पंच आत्याकडे आले, बाबा सोडून. मी तिथेच होते, चहा केला. दोघंही भले लोक, आजीच्या आजारपणात छपराची गळती यांनीच काढली होती. त्यांना प्रकरण वाढवायचं नव्हतं.

"डॉलिना, चूक झाली, वाईट वाटतं, एवढं म्हण. आम्ही लिहून घेतो आणि विषय मिटला."

"मी रानात गेले याचं मला वाईट वाटत नाही," आत्या म्हणाली. शब्द न् शब्द खरा होता.

"थोडंसुद्धा नाही?"

"गेले त्याचं नाही."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरल्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, मग शरदातल्या प्रभुभोजनाला तू पुढे न आलेलंच बरं. सवडीने विचार कर. आत्याने त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि पायरी निसरडी आहे, जपून, असं सांगितलं.

मला हे सहन होत नव्हतं. ज्या माणसाने काही केलेलं नाही त्याला त्याबद्दल शिक्षा होते आहे आणि पुरावा माझ्या डोळ्यांसमोर दारापाशी ठेवलेला आहे. मी तिला म्हटलं, निदान पुढच्या वर्षी दुसरी टूर शोधू. मोकळा दिवस मंगळवारी असलेली. मी तक्ता पुन्हा करते.

"मंगळवारी मी जाईन," ती म्हणाली. "मंगळवारी कोणीही जाईल."

प्रभुभोजनाच्या रविवारी चर्च भरलं होतं. पुढच्या बाकांवर पांढरं कापड अंथरलेलं. स्तोत्र सुरू झालं की एकेक जण उठून पुढे जातो. कोण उठलं आणि कोण बसून राहिलं हे सगळ्यांना दिसावं इतकं ते गाणं लांबतं. आत्या मागे माझ्या बाकावर बसली होती, निळी टोपी घालून. तिच्या नेहमीच्या जागी दुसरी एक बाई जाऊन बसली. बाबा भाकरीचं ताट घेऊन रांगेतून फिरत होते. आमच्या बाजूला त्यांनी पाहिलं नाही. त्यांचा चेहरा इतका दुःखी होता की मी नजर खाली घेतली. आत्याच्या पायात ते तपकिरी बूट होते. ते आता माखलेले होते, वाटेतल्या काळ्या चिखलाने, आमच्याच.

मला तिच्यासाठी काहीतरी करावंसं वाटलं. मी तिचा हात धरला. ती माझ्याकडे झुकली. मला वाटलं, आता ती म्हणेल, जा, सांग त्याला.

"काल बटाटे सोललेस ना?" तिने कानात विचारलं.