मल्कीयाची सोडचिठ्ठी

परक्या राजाच्या शिपायांनी बेत-जायित गावातून धरून नेलेल्या बायका ऐन जैतुनाच्या तोडणीत परत आल्या. मल्कीया वेशीपर्यंत धावत गेला. त्याची बायको शेलोमित सगळ्यांच्या मागे होती, अनवाणी. घरात शिरण्याआधी उंबऱ्यातच तिने सांगून टाकलं, "मला कुणी हात लावला नाही. मी आणि पाणी भरणारी म्हातारी केतुरा, आम्हा दोघींना कोठारात कोंडलं होतं."

"केतुरा कुठाय?"

"वाटेत तापानं पडली. जगली नसेल."

मल्कीयाचा तिच्यावर विश्वास होता. पण तो मंदिरात वेदीची सेवा करणाऱ्या याजकांच्या कुळातला होता. शत्रूच्या हाती सापडलेली बायको याजकाला चालत नसे. बाहेरच्या कुणी तिच्यासाठी साक्ष दिली तरच तिला ठेवता येई. नवऱ्याचा शब्द धरत नसत, तिचा स्वतःचा तर नाहीच.

थोरला भाऊ हारीम त्याच संध्याकाळी आला.

"यरुशलेमच्या मंदिरातली तुझी सेवेची पाळी जवळ आलीय. तिला ठेवलंस तर वेदीकडे फिरकायचं नाही."

"दादा, थोडं थांबू या. कुणीतरी सांगेल."

"कोण, मेलेली म्हातारी? वाईट मलाही वाटतं रे. पण आपल्या मूळपुरुषापासून, अहरोनापासून चालत आलेलं काम तुझ्यापाशी तुटू द्यायचं?"

त्या रात्रीपासून शेलोमित घाण्याच्या खोपटात निजू लागली. याजकाच्या वाट्याचं पवित्र धान्य ती आपणहून शिवत नव्हती. शेजारची पोरं तिला बाजारच्या पिठाची भाकरी नेऊन देत. ते बघवेना, तेव्हा मल्कीयाने सोडचिठ्ठी लिहवून घेतली.

"तुम्ही मला खोटी समजत नाही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"मग हे कशासाठी?"

"वेदीसाठी."

तिने चिठ्ठी हातात घेतली. "मग काम तरी नीट करा," एवढं बोलून ती भावाकडे तकोवाला निघून गेली.

मल्कीया यरुशलेमला गेला. थंडगार फरशीवर अनवाणी उभं राहून त्याने वेदीची राख काढली, रक्त शिंपडलं. शेवटी लोकांना आशीर्वाद द्यायला सगळ्या याजकांनी हात वर केले. आशीर्वाद प्रेमाने द्यायचा असतो. त्याच्या तोंडून शब्द नुसते निघत गेले.

घरी परतला तर ओसरीवर केतुरा बसलेली. मेंढपाळांनी तिला जगवलं होतं.

"साक्ष कुणापुढं द्यायची ते सांगा," ती म्हणाली. "मी एक घटका तिला सोडून नव्हते. पोरीच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहिलं नाही."

मल्कीयाने खांद्यावरचं ओझंही उतरवलं नाही. "आत्ता जातो. घेऊन येतो तिला."

तिथेच उभ्या असलेल्या हारीमचा चेहरा उतरला. "मल्कीया, सोडचिठ्ठी दिलेली बाई याजकाला बायको करता येत नाही, स्वतःची असली तरी."

"माझीच बायको आहे ती."

"होती."

"मग मी वेदी सोडतो."

"वेदी सोडशील. कूळ कसं सोडशील? याजक म्हणून जन्मलास, याजक म्हणूनच मरणार."

तरी तो तकोवाला गेला. शेलोमित भावाच्या अंगणात दळत होती. त्याने दारातूनच सगळं सांगितलं. केतुरा जिवंत आहे हे ऐकून तिचे डोळे भरून आले.

"बरं झालं. जपा तिला."

"शेलोमित, थोडा थांबलो असतो तर..."

"थांबला नाहीत." जात्यात मूठभर जव टाकत ती म्हणाली, "आता जा. दादा शेतातून यायची वेळ झाली. परक्या पुरुषाशी दारात बोलत उभी राहिले तर मला इथूनही काढतील."

तो निघाला. पुढची पाळी आली तेव्हा मल्कीया पुन्हा यरुशलेमला गेला. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.