रत्नम्माचा स्टोव्ह

त्या शनिवारी शांतवन पाळकांना सकाळपासूनच सगळ्याचा वीट आला होता. उद्या चर्चमध्ये कापणीचा सण. देवळात भोपळे, अंडी, ज्वारीच्या पेंढ्या येऊन पडलेल्या, आणि नेमका आजच महापालिकेचा इन्स्पेक्टर यायचा होता.

घरपट्टीचं हे त्रांगडं कधीचं गळ्यात पडलं होतं. इमारत फक्त प्रार्थनेसाठी असेल तर पट्टी माफ. कुणी राहत असेल, चूल पेटत असेल, तर माफी गेली. आणि इथं तर रत्नम्मा राहत होती की! बहात्तरच्या दुष्काळात तिचा नवरा गेला, हातमाग विकला गेला, घरमालकानं भांडी रस्त्यावर टाकली. तेव्हा पाळकांनीच तिला वेदीमागची खोली दिली. ती घंटा वाजवायची, झाडलोट करायची आणि संध्याकाळी स्टोव्हवर भात टाकायची.

देवळाच्या पंचांनी मात्र आता स्पष्टच सांगितलं होतं, बाईला काढा, पट्टी भरणं आपल्याच्यानं होणार नाही. पाळक रोज तिला सांगायला जायचे आणि "जेवलीस का गं?" एवढंच विचारून परत यायचे. जीभच रेटायची नाही. दुसऱ्याला बेघर करायलासुद्धा अंगात बळ लागतं, आणि ते त्यांच्यात उरलं नव्हतं.

शेवटी आज त्यांनी मधला मार्ग काढला. मार्ग कसला डोंबलाचा, पळवाट! "रत्नम्मा, आजच्या दिवस तुझं सामान लपव बाई," ते म्हणाले. अंथरूण, स्टोव्ह, पातेली तिनं ज्वारीच्या पेंढ्यांमागं सारली आणि झाडू घेऊन उभी राहिली.

इन्स्पेक्टर चनमल्लप्पा आले ते घामाघूम होऊन. टोपीनं वारा घेता घेता त्यांना बाकाच्या पायाला बांधलेला तांबडा कोंबडा दिसला.

"काय ओ पाळकसाहेब, बळी-बिळी देता काय?"

"छे हो! पहिलं फळ म्हणून लोक देवाला आणतात. कुणी भोपळा आणतं, कुणी कोंबडा. उद्या भक्तीनंतर त्यांचा लिलाव."

"बरंय. मला बी कुणाला छळायची हौस न्हाय बगा. आमच्या मठाला बी ह्योच नियम हाय. देव एकटा असला तर माफी, माणूस राहायला आला की पट्टी." त्यांनी मागच्या खोलीत डोकावलं. "हितं कोण राहतं?"

"कोणी नाही," पाळक म्हणाले.

"आन् ह्या बाई?"

"झाडायला येतात. राहत नाहीत."

"कुटं राहता ओ बाई?"

रत्नम्मानं पाळकांकडं पाहिलं. "बहिणीकडं, साहेब," ती म्हणाली. तिला बहीण नव्हती. अख्ख्या सोलापुरात तिचं म्हणावं असं कुणी नव्हतं, आणि हे पाळकांना पक्कं ठाऊक होतं.

चनमल्लप्पांनी पेन काढलं. "लिहू ना मग? बाईंचं हितं काय न्हाय?"

"काही नाही म्हटलं ना!" पाळक खेकसले.

आणि कोंबडा आरवला. भर दुपारी, मान ताणून, सगळं देऊळ दणाणेल असा.

पाळकांनी वळून कोंबड्याकडं पाहिलं. दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ते हीच गोष्ट सांगायचे. पेत्र या शिष्यानं 'मी त्याला ओळखत नाही' म्हणत आपल्या प्रभूला तीनदा नाकारलं आणि कोंबडा आरवला. सांगताना पेत्राला दरवर्षी चार शब्द सुनवायचे. आता ते मटकन बाकावर बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

"चनमल्लप्पा, खोटं बोललो मी. ती इथंच राहते. दुष्काळापासून."

"पट्टी लागंल की ओ!"

"लागू दे."

"पंच काय म्हणतील?"

"बोंबलतील. बोंबलू देत. मी दमलो हो." ती पट्टी कुठून भरायची, हे त्यांना अजिबात सुचत नव्हतं. "रत्नम्मा, काढ बाई तो स्टोव्ह. चहा टाक. साहेबांनाही दे."

रत्नम्मानं पेंढ्या बाजूला केल्या. चनमल्लप्पांनी पेन परत खिशात घातलं. "चहा होऊ द्या," ते म्हणाले.

चहा झाला. रत्नम्मानं त्यांच्यापुढं कप धरला.

"साहेब," ती म्हणाली, "मला बहीण न्हाई."

"कळलं की बाई. हितंच राहता, असं लिहितो," चनमल्लप्पा म्हणाले, आणि त्यांनी खिशातलं पेन काढून उघडलं.