खटका वाजला होता का?

"पप्पा, लोक आपल्या घरच्या कार्याचे फोटो अख्ख्या जगाला कशाला दाखवतात? आणि त्यात मी का नाही?"

विचारलं एकदाचं! ओतूरच्या सायबर कॅफेत वर्गातल्या पोरींनी पैजच घातली होती, "पप्पांना विचारून दाखव, नायतर आमा सगळ्यांना भेळ." आता मी कसली मागे हटते? वक्तृत्वात पहिली आल्यापासून मला कोणाचंच भय वाटत नाही. फक्त गणिताचं.

पप्पा आमच्या डिंगोऱ्याच्या घराच्या पुढच्या खोलीत कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावत होते. ही खोली म्हणजेच त्यांचं दुकान. बाहेर पाटी आहे, 'प्रज्ञा फोटो स्टुडिओ'. प्रज्ञा म्हणजे मी.

"कुठलं फोटो?" मागे न बघताच ते म्हणाले.

"भरतदादाच्या साखरपुड्याचे. ऑर्कुटवर टाकलेत त्यानं."

भरतदादा म्हणजे माझ्या वर्गातल्या श्रेयाचा भाऊ, सयाजीआबांचा नातू. गावातलं मोठं बागायतदार घर. साखरपुड्याचे फोटो पप्पांनीच काढले आणि सीडी भरून दिली. मी तर सकाळपासून तिथेच होते, श्रेयाच्या हातावर मेंदी काढत. नवरा-नवरीच्या मागे आम्ही मैत्रिणी रांगेत उभ्या राहिलो, तेव्हा सगळ्यात कडेला मी होते, दोन बोटं वर करून.

आज कॅफेत पोरी पडद्याला नाक लावून स्वतःला शोधत होत्या. सगळ्या सापडल्या. आचारी सापडला. मंडपात घुसलेलं कुत्रंसुद्धा सापडलं. आमच्या रांगेचा फोटोही होता, पण तो माझ्या अलीकडेच संपत होता. शेवटच्या पोरीच्या खांद्यावर नुसता एक हात होता. हिरव्या-सोनेरी बांगड्या. माझा हात!

"अगं, दादाला मावला नसंल फोटो," श्रेया म्हणाली.

मावला नसंल? कुत्रं बरं मावलं!

"तुज्या पप्पांनीच कापली का काय तुला?" मागून कोणीतरी खिदळलं, आणि तिथूनच पैज लागली.

पप्पांनी कॉम्प्युटर चालू केला. फोटो उघडला. त्यात मी होते, अख्खी, दोन बोटांसकट.

"म्या काढला तवा तू व्हतीस," ते म्हणाले. "दिल्यावर त्यांनी काय केलं, ते त्यांचं."

"पण का केलं?"

"काय म्हाईत. कडेला व्हतीस म्हणून बी आसंल."

मला हे पटलं नाही. पप्पांनाही पटलं नव्हतं. ते माझ्याकडे बघतच नव्हते.

उंबऱ्यात माझी आजी, बायडाबाई, घेवडा निवडत बसली होती. तिने मान वर केली. "पोरी, खटका वाजला व्हता का?"

"कसला खटका?"

"आगं, उजेड पडतो तवा कॅमेऱ्यात खट वाजतं का न्हाई?"

"वाजला ना."

"मंग तुजा काढला तरी. आमचा काढलाच न्हवता."

पप्पांचा माउसवरचा हात थांबला.

आजीची ती गोष्ट मला तोंडपाठ आहे. मी लहान असताना भरतदादाच्या काकाचं लग्न झालं. माझे आजोबा, भागुजी, नवी कोरी टोपी घालून आजीबरोबर स्टेजवर चढले, आहेर दिला, आणि पप्पांच्या कॅमेऱ्याचा लख्खकन उजेड पडला. त्याच वर्षी आजोबा गेले. फोटोग्राफरच्या घरात त्यांचा एकही फोटो नाही! नुसती टोपी आहे, खुंटीवर. 'तो फोटो कुठाय?' असं विचारलं की पप्पांचं उत्तर ठरलेलं, 'रोलला पाणी लागलं.' मला पहिल्यापासून संशय होता. पाणी नेमकं त्याच रोलला कसं लागलं?

"पप्पा, खरं सांगा."

"तवा रोल जपून वापराया लागायचा, घरच्यांवर घालवाया परवडायचं न्हाई," पप्पा कॉम्प्युटरशीच बोलल्यासारखं बोलू लागले. "सयाजीआबा पुढं खुर्ची टाकून बसायचं. त्यांनी कानाची पाळी धरली, की वळखायचं, ह्यो नुसता उजेड. मंग फ्लॅशचं बारकं बटण दाबायचं, कॅमेऱ्याचं न्हाई. मानूस हसत स्टेजवरनं उतरायचा. फोटोवाले सगळेच मारायचे गं खोटा फ्लॅश."

"आपल्या खालच्या आळीतलं कोणी चढलं, की कान धरायचे?"

"सारखं न्हाई..." ते अडखळले. "पर लई येळा."

"आणि आजोबा चढले तेव्हा?"

पप्पा चार्जरकडे वळले. बॅटरीचा लाल दिवा हिरवा झाला. तरी ते तिकडेच बघत राहिले.

"त्याला नको बोलू," आजी म्हणाली. "दुकान नवं व्हतं, गावातली लग्नं आबांच्या शब्दावर मिळायची. उजेड पडला पर खट वाजलं न्हाई, मी तवाच वळाखलं. ह्या घरात सदानकदा ह्याचा खटका आयकायचे मी. तुज्या आजोबास्नी न्हाई सांगितलं. लई खूश व्हते. फोटो कवा येतो, कवा येतो, मरस्तवर इचारीत व्हते."

"माय, तुला ठावं व्हतं?" पप्पांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"मंग? फोटोग्राफरची आई हाय मी."

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने सगळं ऐकलं होतं. "प्रज्ञे, उद्या भरतचं लगीन हाय. ऑर्डर आपलीच हाय. उगा कुनाला वाकडं बोलू नको. त्या घरची ऑर्डर गेली तर बाकीचे बी बोलवायचं बंद करतील."

मला पैजेचं उत्तर मिळालं होतं. कोण कोण आलं ते दाखवायला लोक फोटो टाकतात. आणि कोण आलंच नव्हतं, हेही ठरवायला.

"आता डिजिटल आहे ना पप्पा? रोल लागत नाही. मग आबा अजून कान धरतात?"

"साखरपुड्यात धरला व्हता," पप्पा हळूच म्हणाले. "तू कडेला उभी व्हतीस तवा, म्हंजे तुला सोडून काढायचा. म्या न बगितल्यावानी केलं."

म्हणजे पप्पांनी खटका मुद्दाम वाजवला होता! मी पडद्यावरची माझी दोन बोटं पुन्हा एकदा बघितली.

आजीने घेवड्याचं सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि खुंटीवरची टोपी काढली. दोनदा झटकली. मग नव्या पातळासाठी ट्रंक उघडली आणि पातळावर टोपी अलगद ठेवली, उद्याची तयारी करावी तशी.

आई पप्पांकडे बघत होती, पप्पा टोपीकडे.

"आई, पप्पा, ऐका," मी वक्तृत्वाला उभी राहते तशी उभी राहिले. "उद्या दुसरा कॅमेरा मी घेणार. आबांचा हात कानाला जाऊ दे नाहीतर नाकाला. स्टेजवर जो चढेल, त्याच्यासाठी खटका वाजणार. आणि सगळे फोटो, एकही न कापता, मी माझ्या ऑर्कुटवर टाकणार. पहिला आजीचा, टोपी हातात घेतलेला."