टोपलीतल्या काळ्या गोळ्या

पारूला कामावरून काढणारी मीच, आणि ती चूक होती हेही मीच सांगणार. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुम्ही ऐकण्यापेक्षा ते बरं.

सदुसष्टचा श्रावण. बोईसरजवळच्या एका रोपवाटिकेची देखरेख माझ्याकडे होती. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नवरा तारापूरला बांधकामावर फिटर. तिथल्या वसाहतीच्या रस्त्यांसाठी गुलमोहराची रोपं आम्ही द्यायची होती, आणि रोज सकाळी बघावं तर दहा-बारा रोपं बुंध्याशी कापलेली, आडवी पडलेली. माझं डोकं आधीच तापलेलं. त्यात पारूने मासवणच्या रानातून खतासाठी आणलेली कुजक्या पाल्याची टोपली कलती केली, आणि पाल्यातून बोराएवढ्या काळ्या, चकचकीत गोळ्या घरंगळल्या. त्यांच्याबरोबर बारीक बारीक लेंड्याही.

माझ्याकडे शेतकीचं पुस्तक होतं आणि त्याचा मला फार तोरा होता. ओलीत राहणारा, अंगाची गोळी करणारा, कोवळी रोपं कुरतडणारा राखाडी किडा त्यात चित्रासकट होता. झालं! चोर सापडला.

"रोपांचा काळ तूच डोक्यावरून वाहून आणतेस होय गं?" कामावरच्या आठ बायकांदेखत मी ओरडले. टोपली उचलून पाल्यासकट उकिरड्यावर भिरकावली. "उद्यापासून येऊ नकोस."

दिवाळीनंतर तिच्या पाड्यावरची माणसं पोराबाळांसह वीटभट्टीवर जात. या कामामुळे दोन वर्षं पारूला जावं लागलं नव्हतं. मला हे माहीत होतं, तरी मी बोलले.

पारू रडली नाही, तिने गयावयाही केली नाही. खालची एक गोळी उचलून तिने माझ्या तळहातावर ठेवली. "जाते मी, बाई. पण ही रोपं खात नाय. हलू नका, उघडू दे तिला. मग पाय मोजा. तुमाला मोजता येतं, मला नाय."

रागाच्या भरात का होईना, मी हात स्थिर धरला. बऱ्याच वेळाने गोळी सैल झाली आणि पायांची झालर चालू लागली. पुस्तकातल्या किड्याला पायांच्या सात जोड्या. इथे एकाच बाजूला मी पंधरा मोजले, तरी पाय संपेनात. प्रत्येक कड्याला दोन-दोन जोड्या! पावसाळ्यात भिंतीवर चढणारा वाणी असतो ना, त्याच्याच भाऊबंदांतला हा, फक्त आखूड आणि गोळी होणारा. चित्रातला तो हा नव्हेच.

"रानात जिथं ह्या लेंड्या दिसतात तिथलाच पाला मी भरते," पारू म्हणाली. "मेलेलं पान खाऊन ही माती करते. जित्याला तोंड लावत नाय."

आणि मला त्या लेंड्या म्हणजे घाण वाटली होती.

"मग रोपं कापतं कोण?" माझा आवाज अजून चढलेलाच होता.

पारू नुकत्या कापलेल्या रोपाशी उकिडवी बसली. दोन बोटं मातीत खुपसून तिने मातकट रंगाची, लठ्ठ अळी बाहेर काढली. पुढच्या रोपापाशी दुसरी. त्याच्या पुढे तिसरी. "दिवसा निजते, राती कापते. मला कोणी विचारलंच नाय."

मला लाज वाटली, चांगलीच वाटली. पण आठजणींसमोर ओरडले होते, तर कबुलीही त्यांच्यासमोरच द्यायला हवी होती. "चूक माझी आहे," मी मोठ्याने म्हणाले. "पारू, उद्या ये."

"येते," ती म्हणाली. "पण टोपली तुमी फेकली. आता ती तुमी भरायची. कुठला पाला घ्यायचा ते मी दाखवीन."

बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. दुसऱ्या दिवशी मासवणच्या रानात साग-ऐनाखाली गुडघे टेकून मी लेंड्या शोधत होते, आणि पारू कमरेवर हात ठेवून सांगत होती, "तिथला नको, बाई. अजून पुढं."

भरलेली टोपली डोक्यावर घेऊन मी रोपवाटिकेत शिरले, तेव्हा पारू माझ्या पुढे चालत होती, रिकाम्या हातांनी.