डावखुऱ्या उंदराचा शिक्का

हसू नका, मी गटारातून बोलतोय! रोमजवळच्या ओस्तिया बंदरातल्या सार्वजनिक स्नानगृहाच्या गटारातून. मी अंगठीतला एक लालबुंद खडा. माझ्या अंगावर कोंबडे जुंपलेला रथ कोरलाय आणि तो हाकतोय एक उंदीर!

कोरणाऱ्याला त्या दिवशी जरा चढली होती. शिक्क्याचा खडा दाबला की मेणावर चित्र उलटं उमटतं, हे गडी साफ विसरला. म्हणून माझा उंदीर मेणावर डाव्या हाताने चाबूक उगारतो. असला खडा घेणार कोण? घेतला हर्मेरोसने. तो पाव भाजणारा, गुलामीतून सुटलेला. सोन्याची अंगठी घालायची त्याला मुभा नव्हती, म्हणून लोखंडाच्या अंगठीत त्याने मला डिंकाने बसवलं. मग काय, पत्र असो, करार असो, सहीऐवजी मी! मधाच्या बरणीवरसुद्धा मीच, कारण शेजारच्या वोल्कासियुसची गुलाम सिंटिके येता-जाता तिच्यात बोट बुडवायची.

"माझ्यावर विश्वास नाही होय रे?"

"तुझ्यावर आहे गं, तुझ्या बोटावर नाही!"

हर्मेरोसचा तिच्यावर भारी जीव. म्हाताऱ्या वोल्कासियुसने मृत्युपत्रात तिला मुक्त केलं, तेव्हा सात साक्षीदारांच्या शिक्क्यांत मीही दिमाखात उमटलो. पुढे म्हातारा गेला. मृत्युपत्र उघडायच्या आदल्या दिवशी हर्मेरोस खुशीत येऊन गरम पाण्यात इतका डुंबला, की डिंक विरघळला आणि मी थेट इथे!

पुढची हकिकत वर न्हाणाऱ्यांच्या गप्पांतून कळली. मृत्युपत्र उघडण्याआधी न्यायाधीशासमोर प्रत्येक साक्षीदाराने आपला शिक्का अंगठीशी पडताळून दाखवायचा होता. हर्मेरोसची रिकामी अंगठी पाहून वोल्कासियुसचा पुतण्या गरजला, "शिक्का खोटा! मृत्युपत्र रद्द! ही बाई आता माझी!"

हर्मेरोस रिकामी अंगठी उलटसुलट करत बसला. सिंटिके मात्र झगा खोचून पळाली आणि मधाची बरणी कडेवर घेऊन आली. झाकणावरचं मेण जसंच्या तसं! मृत्युपत्रावर होता तोच रथ, तेच कोंबडे, तोच डावखुरा उंदीर. असा दुसरा उंदीर अख्ख्या रोममध्ये नव्हता.

"जन्मात एकदाच मी मध चोरला नाही," ती ओरडली, "आणि देव पावला!"

न्यायाधीशालाही हसू आवरेना. निकाल लागताच तिने तिथेच मेण फोडलं आणि मनगटापर्यंत हात बरणीत घातला. माझा शेवटचा ठसा असा गोड झाला.

हर्मेरोस नवा खडा घ्यायला निघाला, तर ती म्हणाली म्हणे, "कशाला? आता आपल्या घरात कुणापासून काय लपवायचंय?"

कधी कुणाला सापडलोच, तर मला मेणावर दाबून बघा. उंदीर डावखुरा निघाला, की मधात खुशाल बोट बुडवा. कुणाला विचारू नका. आता सिंटिकेलाही कुणाला विचारावं लागत नाही!