जळबाचं तोंड

पंचाहत्तर साली कपाशीवर बोंडअळी पडली आणि वारंगा फाट्याजवळच्या माळावर फवारणीचं विमान येऊन उतरलं. जळबाला झेंडेवाल्याचं काम मिळालं. कपाशीत पांढरा झेंडा धरून उभं राहायचं. तो पाहून पायलट रेघ धरायचा आणि औषध सोडत डोक्यावरून जायचा.

पायलट अमरसिंग कॅप्टन. पंजाबकडचा, शिकलेला, पण शकुन-अपशकुनात चार म्हाताऱ्यांना भारी. कुणी 'आता शेवटची चक्कर' म्हटलं की डोळे वटारायचा. एकदा जळबा तापानं घरी राहिला, झेंडा दुसऱ्यानं धरला, आणि नेमकं त्याच दिवशी उतरताना विमानाचं टायर फुटलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, दुसरं काय! पण तेव्हापासून कॅप्टन सकाळी जळबाचं तोंड पाहिल्याशिवाय विमानात पाय ठेवीना.

जळबाला हे आवडलं, खोटं कशाला बोला? त्याचा बाप लखमा सकाळी वाटेत दिसला की गावचे पाटील अपशकुन म्हणून घरी परत फिरायचे. दीक्षा घेतल्यापासून जळबानं अंगारे-धुपारे, शकुन सगळं सोडलं होतं. तरी कॅप्टनचं ऐकून त्यानं मिशीला पीळ दिलाच.

"बाबासाहेबानं सांगितलं काय अन् तुमी मिरवून राहिले काय!" बायको सोजराबाई म्हणाली. जळबा ओशाळला, पण मिशी तशीच राहिली.

अशात त्याच्या मुलीला, ताराला, नांदेडहून नर्सिंगच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. गुरुवारी सकाळी दहाला, पालकासह. पालक नसेल तर उमेदवाराला आत घेणार नाही, असं स्वच्छ छापलं होतं. जळबानं मुकादमाला सांगून सुट्टी घेतली.

गुरुवारी बापलेक फाट्यावर एसटीची वाट पाहत होते. तेवढ्यात किशनराव पाटील धोतराचा सोगा सावरत, धापा टाकत आले.

"जळबा, कॅप्टन इमानात बसून न्हाई राहिला. तुझं तोंड पाह्यल्याबिगर न्हाई म्हणते. आज माझ्या वावराची पाळी हाय रे, अळी समदं खाऊन राहिली. चल गड्या, नुसतं तोंड दाखव."

"एसटी येऊन राहिली, पाटील."

"दुसरीनं जा."

"दुसरीनं गेलं तर पोरीचे दहा वाजून जातील."

"अन् त्या मानसाला वर काही झालं तर? पाप कोनाला लागंल?"

कॅप्टन मनाचा चांगला होता. जळबाच्या डब्यातली भाकर मागून खायचा. तारा कागदांची पिशवी छातीशी धरून उभी होती. लांब एसटीची धूळ दिसली.

"पाटील, माझ्या बापाचं तोंड पाहून तुमचे वडील मागं फिरायचे," जळबा म्हणाला. "तवाबी ते तोंडच होतं, हेबी तोंडच हाय. यानं कोनाचं काम बिघडत न्हाई अन् इमानबी उडत न्हाई. कॅप्टनला म्हणाव, टायर बराबर पाहून घ्या अन् बसा."

किशनराव खाली मान घालून माळाकडे वळले. बापलेक एसटीत चढले.

एसटी दोन-तीन मैल गेली असेल, तोच आकाशात घरघर ऐकू आली. जळबानं खिडकीतून मान बाहेर काढली. विमान पाटलांच्या कपाशीवर खाली झेपावलं, औषधाची पांढरी रेघ सोडत गेलं आणि सुखरूप वर चढून वळलं. त्याला हायसं वाटलं. आणि मनातून थोडं वाईटही वाटलं.

"काय पाहून राहिले, बाबा?"

"इमान. माझ्याबिगर उडालं."

"बरं झालं की," तारा म्हणाली. "नांदेडात मला तुमच्याबिगर कोनी आत घेनार न्हाई."